तपकिरी मोज्यातली बाटली

दुकानाखालच्या तळघरात शेवटच्या भिंतीला ओळीनं कोनाडे होते आणि एक सोडून बाकी सगळे विटांनी बंद केलेले होते. नवं गिऱ्हाईक खाली आलं की हटकून विचारायचं, "यात काय पुरलंय?" आत्या म्हणायची, "धीर." आणि पुढं चालू लागायची.

पद्धत आत्याच्या वडिलांची, आबांची. आबांनी वाइनचं दुकान काढलं तेव्हा इटलीची बारोलो नावाची लाल वाइन त्यांच्या मनात भरली. दिसायला फिकी, जवळजवळ विटेच्या रंगाकडं झुकणारी. वाइन कोवळी असताना तोंडात घेतली तर कडक चहाचा चोथा चघळल्यासारखी तुरट. नवखा माणूस पेला खाली ठेवतो आणि पाणी मागतो. पण तीच वाइन पंधरा-वीस वर्षं अंधारात गप्प पडू दिली, की तिचा तुरटपणा आत जिरतो, अंगाला गोलाई येते आणि मग तिच्या एका घोटापुढं माणसं बोलायची थांबतात. आबांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांना स्वतःचा स्वभावही पक्का ठाऊक होता. डोळ्यांसमोर बाटली असली की त्यांचा हात शिवशिवायचा. कुणाचं लग्न, कुणाची बढती, कधी नुसताच बरा गेलेला मंगळवार, की झाली एक बाटली कमी. शेवटी वैतागून त्यांनी गवंड्याला बोलावलं आणि कोनाडाच चिणून टाकला. "आता पहार लागेल," ते म्हणाले, "आणि पहार शेजाऱ्याकडं आहे. शेजाऱ्याशी मी बोलत नाही."

तेव्हापासून चांगलं पीक आलेल्या वर्षाची एकच बारोलो निवडायची, एक कोनाडा भरायचा, विटा लावायच्या. वरच्या चुन्याचा गिलावा ओला असताना, ज्यानं ती वाइन निवडली त्यानं आपला अंगठा त्यात दाबायचा. सही नाही, पाटी नाही. वीस वर्षांनी कोनाडा फुटेल तेव्हा आत जे निघेल त्याला तो अंगठा जबाबदार, आणि रिकामा झालेला कोनाडा पुन्हा नव्या वाइननं भरायचा. पहिले काही अंगठे आबांचे होते, रुंद आणि चपटे. पुढचे सगळे आत्याचे. तिच्या अंगठ्यावर बूच काढताना काच लागून झालेला आडवा व्रण होता आणि तो गिलाव्यात स्वच्छ उमटायचा. आत्यानं लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. पण त्या भिंतीसमोर उभी राहिली की ती जरा उंच दिसायची. तिच्या अंगठ्याखालचा एकही कोनाडा आजवर खोटा निघाला नव्हता.

आणि नेमका तिचाच घात झाला. हिवाळ्यात ताप आला, आठवडाभर अंथरुणात ठेवून गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. साबण, कॉफी, ओला रस्ता, कशाचाच वास येईना. आत्यानं कुणाला सांगितलं नाही. "सर्दी रेंगाळली आहे," म्हणायची. सर्दी हिवाळाभर रेंगाळली, हिवाळा संपला तरी रेंगाळली. घरात सगळ्यांना कळलं होतं, पण आत्याला विचारायची कुणाची टाप होती?

विचारलं ते बबडीनं. बबडी म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यापासून दुकान तीच चालवायची. चाळिशी आली होती, चष्मा लागला होता, माल देणारे तिला वचकून असायचे, पण घरात ती बबडीच होती. निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी ती वर आली तर स्वयंपाकघर धुरानं निळं झालेलं. दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं होतं आणि हातभर अंतरावर आत्या शांतपणे मोजा रफू करत बसली होती.

बबडीनं गॅस बंद केला, खिडकी उघडली. मग खुर्ची ओढून समोर बसली.

"आत्या, उद्या तू बसू नकोस."

"कुठं बसू नको?"

"तळघरात. निवडीला. मी बसते. हॉटेलवाल्यांना सांगते, तुझी तब्येत बरी नाही."

आत्यानं सुई मोज्यात खोवली. "माझी तब्येत ठणठणीत आहे."

"पातेलं बघ."

"पातेलं जुनंच होतं."

"वीस वर्षांची गोष्ट आहे, आत्या. एकदा चिणलं की चिणलं. चुकीची बाटली गेली तर मी साठीला आल्यावर लोकांना काय तोंड दाखवू?"

"म्हणजे माझा अंगठा आता तुला नको."

"मी तसं म्हणाले का?"

"नाही म्हणालीस. शहाणी आहेस, म्हणून नाही म्हणालीस." आत्या उठली आणि जळकं पातेलं घासायला घेतलं. "निवडीची खुर्ची आबांनी मला दिली. उठायचं कधी ते मी ठरवीन."

बबडी खाली गेल्यावर आत्यानं पातेलं तसंच सोडून दिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती, हेच तर झोंबलं होतं. आबांची भिंत, आपले अंगठे, आणि यंदाचा रिकामा कोनाडा आपण डोळे मिटून भरणार? तिनं नवी कवळी काढून वाटीत टाकली. ती वरच्या बाजूला टोचत होती. दंतवैद्य म्हणाला होता, बसेल हळूहळू. कपाटात परवाच्या गिऱ्हाइकानं अर्धी सोडलेली एक बाटली होती, तीही बारोलोच, पोरसवदा. वास येणार नव्हताच. नुसतीच घोटभर तोंडात घेतली, रागानं चूळ भरावी तशी.

आणि ती थबकली.

कितीतरी वर्षं आत्या कवळी लावूनच वाइन चाखत आली होती. चारचौघांत बोळकं दाखवायचं म्हणजे काय! नाक शाबूत होतं तोवर फरकही पडला नव्हता. पण आज वाइन थेट उघड्या हिरड्यांवर आली आणि तिचा तुरटपणा तिला हातानं चाचपावा तसा कळला. कुठं धरते, किती जोरानं धरते, किती वेळ सोडत नाही. आणि सोडल्यावर जिभेखाली पाणी सुटतं का नाही. आत्या दुसरा घोट घेऊन बसून राहिली. तिला आबा आठवले. आबा म्हणायचे, वास म्हणजे वाइनचे कपडे. आयुष्य मोजायचं तर हाडं बघावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात टेबल मांडलं होतं. टेबलावर दोन बाटल्या होत्या, एकाच वर्षाच्या, दोन वेगवेगळ्या मळ्यांतल्या, आणि दोन्ही मोज्यांत. हीसुद्धा आबांचीच युक्ती. लेबल वाचून माणूस आधीच भाळतो, म्हणून ते बाटलीवर आपले लोकरी मोजे चढवायचे. एक राखी, एक तपकिरी. मोजे तेव्हापासून तेच होते आणि आत्या ते रफू करून टिकवत आली होती. "धुतलेत ना?" असं हॉटेलवाले दरवर्षी विचारायचे आणि दरवर्षी एकटेच हसायचे.

हॉटेलवाले म्हणजे दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. कोनाड्यातल्या निम्म्या बाटल्या त्यांच्याकडं जायच्या, म्हणून निवडीला तेही असायचे. माणूस मोठा उमदा, पण घाईचा. कोपऱ्यात गवंडी घमेल्यात चुना कालवत बसला होता. त्याच्या बापानं आबांचा पहिला कोनाडा चिणला होता.

बबडीनं पेले भरले. हॉटेलवाल्यांनी राखी मोज्यातल्या वाइनचा पेला नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आहाहा. बाग आहे बाग. स्ट्रॉबेरी, गुलाब, काय नाही यात?"

बबडीनंही वास घेतला. खरंच बाग होती. मग तपकिरी मोज्यातली घेतली. पेला फिरवला, परत वास घेतला. काही नाही. बंद खोलीचं कुलूप हुंगावं तसं. तोंडात घेतली तर तुरट, नुसती तुरट. तिनं पेला खाली ठेवला.

"ही मुकी आहे," ती म्हणाली. "मेलेली म्हटलं तरी चालेल."

"मग एकमत झालं," हॉटेलवाले म्हणाले. "राखी. गवंडीबुवा, चला, लागा कामाला."

"माझं मत राहिलंय," आत्या म्हणाली.

बबडीनं मान खाली घातली. आता आत्या पेला नाकाशी नेईल, गुलाब-बिलाब काहीतरी म्हणेल, आणि आपल्याला ऐकून घ्यावं लागेल. पण आत्यानं पेल्याला हातच लावला नाही.

"आधी एक सांगते. मला वास येत नाही. तापापासून अजिबात येत नाही. बबडीला माहीत आहे, पण ती भली पोर आहे, बोलली नाही." हे तिनं कोनाड्याची लांबी-रुंदी सांगावी तसं सांगितलं. मग पदराआड तोंड वळवून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. हॉटेलवाले एकदम तळघराचं छत न्याहाळू लागले.

आत्यानं आधी राखीतला घोट घेतला. तोंडात घोळवला, गालांत, ओठांआड, आणि थुंकला. वाट बघितली. मग तपकिरीतला. या वेळी खूप वेळ वाट बघितली. इतका वेळ, की गवंड्याचं फावडं थांबलं.

"राखी भरू नका," आत्या म्हणाली. दात नसल्यामुळं शब्द जरा फुसफुसत होते, पण त्यांना धार होती. "घसरून जाते. हिरड्यांना धरतच नाही, आणि मागं पाणी सुटत नाही. अंगावर कपडे सुंदर आहेत, ते तुम्ही बघितलेच. आत हाडं नाहीत. पाच वर्षांत खाली बसेल."

"आणि ही तपकिरी? खडबडीत तर आहे," हॉटेलवाले छताकडं बघतच म्हणाले.

"खडबडीत नाही. खडबडीत म्हणजे अक्रोडाचं साल, एकाच जागी ओरखडतं. ही सगळीकडून सारखी धरते, बारीक, मखमल उलटी चोळावी तशी. हळूहळू सोडते. आणि सोडली की तोंडाला असं पाणी सुटतं की गप्प बसवत नाही. हिचं वय झालेलं नाही, हिनं अजून तोंड उघडलेलं नाही. तपकिरी भरायची."

"आत्याबाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे," हॉटेलवाले म्हणाले, "पण वास न घेता... म्हणजे, बघा ना..."

"बघत तुम्ही छताकडं आहात."

गवंडी खोकला. हसू दाबायची त्याची ती रीत होती.

बबडीनं दोन्ही मोज्यांकडं बघितलं. दुकानाचं नाव एका बाजूला आणि आत्या एका बाजूला. तिच्या स्वतःच्या नाकानं तर राखीच सांगितली होती. आणि तिचं नाक कच्चं नव्हतं, ते आत्यानंच घडवलं होतं. लहानपणी डोळ्यांवर रुमाल बांधून आत्या तिला कपाटातले डबे हुंगायला लावायची.

"भांडण नको," आत्याच म्हणाली. "आबा बाटल्यांची परीक्षा घ्यायचे ती फळी आहे ना. दोन्ही बाटल्या अर्ध्या करा, बूच सैल लावा आणि फळीवर ठेवा. रोज सकाळी बबडी बघेल. ज्या वाइनला पुढं आयुष्य आहे ती हवा लागल्यावर उघडते. जिला नाही ती कोमेजते. तपकिरी कोमेजली तर राखी भरा, आणि अंगठा बबडीचा लावा. मी पुन्हा या खुर्चीत बसणार नाही."

"अगं, असं कशाला..." बबडी म्हणाली.

"मी बोलले."

हॉटेलवाल्यांनी घड्याळ बघितलं. "आणि हा कालवलेला चुना?"

"त्याची काळजी नको," गवंडी म्हणाला. "ओलं पोतं टाकून ठेवतो. चुना जितका मुरेल तितका बरा. घाई तुम्हाला आहे, चुन्याला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी राखी मोज्यातली तशीच होती, बाग फुललेली. तपकिरी मुकी. तिसऱ्या दिवशीही तेच. बबडी वर येऊन नुसता चहा ओतायची आणि आत्या कपाकडंच बघत प्यायची. आत्यानं मात्र मनात आवराआवर सुरू केली होती. एका दुपारी बबडीनं बघितलं, तर ती तळघरात भिंतीसमोर उभी राहून आपल्या जुन्या अंगठ्यांवरून बोट फिरवत होती, एकेका व्रणावरून, जणू कुणाच्या गालावरून. बबडी पाऊल न वाजवता परत फिरली. माझं नाक खोटं पडू दे, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुढच्या सकाळी बबडी नेहमीसारखी खाली गेली. आधी राखीचं बूच काढलं. नाकाशी नेलं आणि कपाळाला आठी पडली. पुन्हा बघितलं. मग तपकिरीचं बूच काढलं, आणि पेल्यात ओतायच्या आधीच तिचा हात थांबला. ती तळघराच्या पायरीशी आली आणि हाक मारली, "आत्या, खाली ये. कवळी राहू दे, तशीच ये."

आत्या खाली येऊन आपल्या खुर्चीत बसली. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"सांग."

"राखी गेली. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतोय. तो लाल पडलेला भाग असतो ना, तसा."

"आणि?"

"गुलाब."

"ताजा की सुकलेला?"

बबडीनं डोळे मिटले. "सुकलेला. वहीत ठेवून विसरलेला."

"डांबर आहे का? नवा रस्ता करतात तेव्हाचं?"

"आहे. मागून येतं. आधी नव्हतं, आत्ता आलं. आणि त्याच्याही मागं... थांब हं." ती पेला नाकाशी धरून उभी राहिली. "आबांचं कपाट. खालचा खण. ज्यात ते चामड्याचे पट्टे ठेवायचे."

आत्यानं पेला हातात घेतला. तिला काहीच वास येत नव्हता, पेला अगदी नाकाखाली धरला तरी. पण खालचा खण तिला दिसला, पट्टे दिसले, खण ओढताना होणारी कुरकुर ऐकू आली. तिनं घोट घेतला. हिरड्यांवर तीच सावकाश, सारखी पकड, आता एक धागा सैल झालेली. पाणी सुटलं. तोंडाला सुटलं तसं डोळ्यांनाही सुटलं असेल, पण तळघरात उजेड कमी होता.

"हिची हाडं नाकाला कळली नसती," आत्या म्हणाली. "नाक असतं तर कदाचित मीही राखीवरच भाळले असते."

"आणि मी तर भाळलेच होते."

"तू चुकली नव्हतीस. राखी त्या दिवशी होतीच सुंदर. ती आजची वाइन आहे, हॉटेलवाल्यांना सांग, याच मोसमात पाहुण्यांना पाजा, दुवा देतील." तिनं पेला खाली ठेवला. "पण खण ओळखलास तू. तो मी कधी शिकवला नव्हता."

बबडी चाळीस वर्षांची बाई, पण कानापर्यंत लाल झाली.

हॉटेलवाले दुपारी आले, दोन्ही हुंगल्या, आणि उमदेपणानं हात वर केले. राखीच्या सगळ्या पेट्या त्यांनी लगेच स्वतःकडं मागवल्या. मग तपकिरी मोज्याकडं बघून म्हणाले, "आत्याबाई, पुढच्या वर्षी छताकडं बघणार नाही."

"पुढच्या वर्षी तुम्हीही कवळी काढून बसा," आत्या म्हणाली.

"माझे दात खरे आहेत हो."

"मग तुमचा नाइलाज आहे."

कोनाडा भरला गेला. आडव्या बाटल्या, एकावर एक, बुचाचं टोक भिंतीकडं. गवंड्यानं विटा रचल्या, पोत्याखालचा चुना काढला, मऊसूत झाला होता, आणि थापीनं सफाईनं गिलावा केला. मग बाजूला सरला. आत्या पुढं झाली, अंगठा टेकवला आणि मुळापासून दाबला. व्रण स्वच्छ उमटला. तिनं हात पुसला आणि मागं वळून बघितलं.

"ये."

"मी?" बबडी म्हणाली. "निवडलीस तू. मी तर हिला मेलेली म्हणाले होते."

"हाडं मी सांगितली. कपडे तू सांगितलेस. वीस वर्षांनी हा फुटेल तेव्हा मी असेन नसेन. तेव्हा कुणीतरी सांगायला हवं, की गुलाब आहे की नाही."

गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "आत्याबाई, मी जागा एकाच अंगठ्याची सपाट केली आहे. माझ्या बापापासून तसंच आहे."

"मग जरा अजून कर."

गवंड्यानं थापी फिरवली. बबडीनं चष्मा वर सरकवला आणि आत्याच्या अंगठ्याशेजारी आपला हलकेच टेकवला. आत्या वाकून बघत होती.

"पुसट आहे," ती म्हणाली. "दाब. आपल्या घरात पुसट चालत नाही."

बबडीनं दाबला.